पेद्रीची मांडी परत गेली. २०२१ च्या उन्हाळ्याची किंमत अजून वसूल होतेय का?

आठ_नंबर

रविवारी, २६ ऑक्टोबर २०२५ ला, रात्री क्लासिको बघितली, म्हणजे आपली बार्सा विरुद्ध रिअल माद्रिद. माद्रिदच्या बर्नाबेऊवर २-१ हरलो, अगदी शेवटी आपला मिडफिल्डर पेद्री याला दुसरं यलो कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. मला वाटलं एवढ्यावर भागलं, पण सोमवारी क्लबनं सांगितलं की डाव्या मांडीचं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मागचा स्नायू, फाटलंय. मार्च २०२४ मध्ये बिलबाओला सान मामेसवर हा पोरगा रडत बाहेर गेला होता, त्यानंतर मांडीनं त्याला कधी घरी बसवलं नव्हतं, दीड वर्षाच्या वर झालं. मी मनात धरून चाललो होतो की ते दिवस संपले.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे कुणाचा गैरसमज नको. २०२०-२१ मध्ये पेद्रीला जसं वापरलं ती चूक होती, आणि ती चूक करणारं कुणी एक माणूस नव्हतं म्हणून ती अजून कुणी कबूलच केलेली नाही. आकडे बघा. लास पाल्मास क्लबहून आलेला १७ वर्षांचा पोरगा, बार्सासाठी पहिल्याच सीझनला ५२ मॅच. मग युरो, युरोपातल्या देशांची स्पर्धा. स्पेनच्या ६ मॅच झाल्या, त्यातल्या ३ एक्स्ट्रा टाइमला गेल्या, म्हणजे ६३० मिनिटं, त्यातली ६२९ हा खेळला. ६ जुलैला वेम्बलीवर इटलीशी पेनल्टीवर हरले आणि २२ जुलैला हा जपानमध्ये ऑलिंपिकची पहिली मॅच खेळत होता. तिथे परत ६ मॅच, त्यातल्या शेवटच्या तिन्ही एक्स्ट्रा टाइमच्या. ७ ऑगस्टला योकोहामाला ब्राझीलशी फायनल हरले, गळ्यात सिल्व्हर, आणि १५ ऑगस्टला हा परत बार्साच्या शर्टात रिअल सोसिएदादच्या विरुद्ध मैदानात. स्पेनच्या बाकीच्या मॅच धरून एका सीझनमध्ये ७३ मॅच. वय १८.

मग सप्टेंबरला बायर्नविरुद्ध मांडी गेली आणि पुढच्या सीझनला तो खेळला फक्त २२ मॅच. त्यानंतर ३५, त्यानंतर ३४. म्हणजे १९ ते २१ हे वय, जेव्हा मिडफिल्डर घडतो, त्यातला अर्धा वेळ हा पोरगा टेबलावर पालथा पडून मांडीला पट्ट्या लावून घेत होता. मला हे बघवत नाही, खरंच सांगतो. असा बॉल घेणारा खेळाडू मी बार्साच्या इनिएस्तानंतर बघितलेला नाही. बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघतो, मग अर्धा वळून असा घेतो की समोरचा आधीच चुकीच्या पायावर असतो, आणि एवढ्या गर्दीत हा चक्क थांबतो. सगळे पळत असताना थांबायची हिंमत किती जणांत असते?

तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मला पटलं नाही तर भांडेन.

पेठेतला_बॅक

भावा, मी तुझ्या पार विरुद्ध आहे आणि का ते सांगतो. तू म्हणतोस २०२१ नं त्याचं नुकसान केलं, मी म्हणतो २०२१ नंच पेद्री झाला. इटलीविरुद्धची सेमीफायनल आठव. समोर जॉर्जिन्यो, व्हेराट्टी, बारेला, मागं किएलिनी आणि बोनुच्ची, आणि १८ वर्षांचा हा पोरगा १२० मिनिटांत ६६ पैकी ६५ पास पूर्ण करतो. हे ट्रेनिंगमध्ये शिकवता येतं व्हय? तुझं ऐकून त्याला ‘बाळ दमलंय, घरी झोपू दे’ म्हटलं असतं तर युरोचा बेस्ट यंग प्लेअर कोण, तरुण खेळाडूंची ती दोन मोठी बक्षिसं, गोल्डन बॉय आणि कोपा ट्रॉफी, कुणाला? ते सगळं त्याच वर्षात आलंय.

आमच्याकडं कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर बघतो मी. जो पोरगा १७-१८ व्या वर्षी भरल्या गॅलरीसमोर मोठ्या टीमविरुद्ध उतरतो तोच पुढं टिकतो, ज्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून बसवतात त्याचा पाय जड होतो, कायमचा. खेळायचं वय असतंय ते. जखमा होतात, त्या सगळ्यांना होतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तू लिहिलीच नाहीस. २०२४-२५. कोच फ्लिकच्या पहिल्या सीझनला पेद्री ५९ मॅच खेळला. लीगच्या ३८ पैकी ३७. लीग जिंकली, कोपा देल रे जिंकला, सुपरकप जिंकला, कोपाच्या फायनलला माद्रिदविरुद्ध पहिला गोल यानंच बॉक्सच्या बाहेरून मारलेला. मॅच जास्त म्हणून मांडी जाते हे खरं असतं तर त्या वर्षी का नाही गेली?

आठ_नंबर

५९ चा मुद्दा येणार हे माहीत होतं. तेव्हा तो २२ चा होता, १८ चा नाही. आणि त्या सीझनच्या आधी जर्मनीच्या क्रूसनं २०२४ च्या युरोत धडकून याचा गुडघा दुखावला म्हणून का होईना त्याला जुलैमध्ये सक्तीची विश्रांती मिळाली होती. २०२१ ला मधे काय मिळालं? काहीच नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही नाही, कारण कोविडमुळे लास पाल्मासचा सीझन जुलैपर्यंत लांबला आणि सप्टेंबरला तो बार्साकडून उतरला पण. मी ७३ या आकड्याशी भांडत नाहीये, मधे श्वास घ्यायला जागाच नव्हती त्याच्याशी भांडतोय.

माद्रिदिस्ता_सोलापूर

मी माद्रिदचा आहे हे नावावरून कळतंच, तरी पेद्रीबद्दल वाईट बोलणार नाही. आमच्याच क्लबनं त्याला लहानपणी ट्रायलला बोलावून परत पाठवलं होतं, बर्फ पडलेला त्या दिवसात, आणि म्हणे लेव्हलचा नाही. ते आजपण टोचतं. बार्सानं नंतर त्याला ५ मिलियन युरोला घेतला, वर काही बोनस. ५ मिलियन!

पण धाग्यात जे चाललंय त्यात एक गोष्ट मला पटत नाही. तुम्ही बार्सावाले दर वेळी दोष स्पेनच्या फेडरेशनवर टाकता. ५२ मॅच कुणी खेळवल्या? फेडरेशननं? तेव्हाचा तुमचा कोच कूमान यानं खेळवल्या, कारण त्याच्याकडे दुसरं कुणी नव्हतं, बायर्नकडून ८-२ खाऊन क्लब मोडकळीला आलेला, पैसे नाहीत, मग १७ वर्षांच्या पोराला घोड्यासारखा जुंपला. मग उन्हाळ्यात कूमानच सगळ्यात मोठ्यानं ओरडला की एवढं एका पोरासाठी जास्त होतं. बरोबर होता तो, पण ५२ आधी त्याचेच ना.

मडगावकर

माद्रिदवाल्या भावाशी अर्धा सहमत. पण फेडरेशनला एवढ्या सहज सोडू नका. ऑलिंपिक फिफाच्या कॅलेंडरमध्ये येत नाही, म्हणजे क्लबनं खेळाडू सोडायलाच पाहिजे असा फिफाचा नियम नाही. इंग्लंड-जर्मनीचे क्लब सरळ नाही म्हणतात. स्पेनमध्ये मात्र देशाचा क्रीडा कायदाच असा आहे की नॅशनल टीमनं बोलावलं तर जायचं. त्यामुळे बार्सा रडली तरी हातात काही नव्हतं. मग नाही म्हणायचं कुणी? १८ वर्षांच्या पोरानं? त्याला तर जायचंच असणार, तेनेरीफच्या तेगेस्तेसारख्या छोट्या गावातून आलाय, आजोबांनी तिथे बार्साच्या फॅन्सची पेन्या, म्हणजे फॅन क्लब, काढलेली, घरच्यांचं जेवणाचं छोटं हॉटेल, त्या घरातल्या मुलाला देशानं ऑलिंपिकला बोलावल्यावर तो दमलोय म्हणेल?

आम्ही गोव्यात स्पॅनिश कोच आणि स्पॅनिश मिडफिल्डर इतकी वर्षं जवळून बघितले, एफसी गोवाकडे लोबेरा कोच म्हणून आला तेव्हापासून. एदू बेदियासारखा माणूस फातोर्ड्याच्या मैदानावर बॉल पायाखाली धरून उभा राहायचा तेव्हा स्टँडमधला आमचा आजोबा माणूससुद्धा गप्प व्हायचा. त्यांची पोरं ही कला लहानपणापासून शिकतात. म्हणूनच वाईट वाटतं, एवढं जपून शिकवायचं आणि १८ व्या वर्षी एका उन्हाळ्यात उधळायचं.

पेठेतला_बॅक

मडगावकर साहेब, त्याच ऑलिंपिकला युरोतून एकटा पेद्री गेला नव्हता. उनाय सिमोन, पाउ तोरेस, एरिक गार्सिया, दानी ओल्मो, ओयारझाबाल, असे पेद्रीला धरून सहा जण थेट युरोतून गेले. सगळ्यांच्या मांड्या गेल्या का? नाही. मग याच्या एकट्याच्या शरीरात काहीतरी असेल की.

फिजिओताई

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, रोज पळणारी आणि खेळणारी मुलं बघते, म्हणून थोडं लांब लिहिते, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, सगळेजण ‘मांडी गेली’ म्हणताय पण मांडी एक नाही. सप्टेंबर २०२१ ला पुढचा स्नायू गेला, डावा. एप्रिल २०२२ ला फ्रँकफर्टविरुद्ध मागचा, म्हणजे हॅमस्ट्रिंग, डावं. मग फेब्रुवारी २०२३ ला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, ऑगस्ट २०२३ ला आणि मार्च २०२४ ला तिन्ही वेळा उजवा पुढचा, रेक्टस फेमोरिस. आणि आत्ता डावा मागचा. म्हणजे उजव्या पुढच्या स्नायूची ती जी जुनी माळ होती ती तुटलेलीच आहे, हे वेगळं आहे, आणि माझ्या मते ही त्यातल्या त्यात बरी बातमी आहे. पण डावं हॅमस्ट्रिंग २०२२ ला एकदा गेलेलं आहे आणि आमच्या क्षेत्रात एक गोष्ट सगळेच मानतात की पुढच्या दुखापतीचं सगळ्यात मोठं कारण मागची दुखापत असते.

दुसरी गोष्ट. आठ_नंबर यांचा सगळा भर ऑलिंपिकवर आहे. मला त्याहून जास्त राग वेगळ्या दिवसाचा येतो. बायर्नविरुद्ध १४ सप्टेंबरला लागलं आणि २९ सप्टेंबरला लिस्बनला बेनफिकाविरुद्ध त्याला उतरवलं. १५ दिवस! आणि तिथे तीच जखम परत उघडली, मग थेट जानेवारी २०२२. दमलेल्या शरीराला जखम झाली हे एक, पण कोवळी जखम भरायच्या आधी परत ताणली हे त्याहून वाईट. स्नायू फाटतो तिथे आधी व्रण धरतो, तो व्रण आजूबाजूच्या मांसाइतका लवचिक नसतो, त्याला हळूहळू भार देऊन तयार करायला लागतं. ते न करता उतरवलं की तो नाही तर त्याच्या शेजारचा भाग जातो. मग खेळाडू मनातून त्या पायाला जपायला लागतो आणि भार दुसऱ्या पायावर येतो. उजव्याची माळ पुढच्या वर्षी सुरू झाली, मी असं छातीठोक नाही म्हणणार की यामुळेच, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हे मी खूप वेळा बघितलंय.

पेठेतला_बॅक, सहा जण गेले हे बरोबर, पण त्यात एक गोलकीपर आणि दोन सेंटर बॅक. गोलकीपरचं पळणं आणि या मुलाचं पळणं यात तुलनाच नाही. युरोत त्याच्याइतकी मिनिटं मैदानात काढून, त्याच्यासारखं पळून, शिवाय त्याच्याइतका लहान, असा त्यात दुसरा कोण होता?

आठ_नंबर

ताई, बेनफिकाचं मी विसरलोच होतो, खरंच. तुमचं वाचून वाटतंय की मी चुकीच्या महिन्याशी भांडत होतो थोडा. तरी थोडाच, कारण मला वाटतं बेनफिकाला घाई केली ती पण त्याच सवयीतून. पोरगा ‘मी ठीक आहे’ म्हणतो, कोचला मॅच वाचवायची असते, आणि मधे उभं राहायला कुणी नसतं. त्या दिवशी तर ३-० हरलो.

जुना_स्ट्रायकर

वर पेठेतल्या बॅकनं शाहू स्टेडियमचं लिहिलंय म्हणून मला लिहायला लागलं, नाहीतर मी नुसता वाचतो.

मीपण तिथंच खेळलोय, १५ वर्षांपूर्वी. १९ वर्षांचा होतो. एका टीमकडून एका सीझनला तीन स्पर्धा सलग खेळलो, आणि तिसरीच्या सेमीला मांडीत कळ आली तर मैदानाच्या कडेला इंजेक्शन देऊन आत पाठवलं. लोक नावानं ओरडत होती, मला पण वाटलं हेच आयुष्य. मॅच जिंकलो, मिरवणूक निघाली, मी मागं रिक्षात. त्यानंतर पाय कधीच पहिल्यासारखा सुटला नाही. दोन वर्षं प्रयत्न केला, मग दुकानात बसलो. टीमचं नाव घेणार नाही, माणसं वाईट नव्हती ती, माझ्यावर जीव होता त्यांचा. पण कोणी एकानं पण म्हटलं नाही की पोरा, आज राहू दे.

म्हणून पेद्री २०२१ मुळं घडला हे मला सांगू नका. तो घडलाच होता, तेगेस्तेला आणि लास पाल्मासला. त्या उन्हाळ्यानं त्याला जगासमोर आणला, आणि मग त्याची किंमत लावली त्याच्याच पायाकडून.

पेठेतला_बॅक

दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी बोललो ते मनापासून बोललो पण इंजेक्शन देऊन खेळवण्याच्या बाजूनं मी नाही, ते कुणीच नसावं. माझं म्हणणं फक्त संधीबद्दल होतं, मैदानावर उतरायचं वय निघून जाऊ नये एवढंच.

नेरूळकर

मला संधीच्या मुद्द्यावर बोलायचंय कारण मी एक गोष्ट डोळ्यांनी बघितलीय. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप, आपल्या नेरूळच्या डी वाय पाटीलवर सेमीफायनल होती, स्पेन विरुद्ध माली, २५ ऑक्टोबर. मी गेलो होतो ऑफिसातून परस्पर. स्पेन ३-१ जिंकलं, दोन गोल कॅप्टन आबेल रुइझचे, तिसरा फेरान तोरेसचा. त्या दिवशी स्टेडियममधून बाहेर पडताना आम्ही सगळे म्हणत होतो की रुइझ म्हणजे बार्साचा पुढचा नऊ नंबर, मुख्य स्ट्रायकर. काय झालं? बार्साच्या पहिल्या टीमकडून त्याला नावाला खेळायला मिळालं आणि २०२० ला तो पोर्तुगालला ब्रागाला गेला. चांगला प्रोफेशनल झाला, पण आपण बोललो होतो ते नाही झाला. फेरान आज बार्सात आहे, तो वालेन्सियात लवकर खेळायला लागला होता.

पेद्री त्या बॅचपेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याला १६ व्या वर्षी लास पाल्मासनं सेकंड डिव्हिजनला उतरवलं, पूर्ण सीझन खेळवलं, म्हणून १७ व्या वर्षी तो बार्साला तयार मिळाला. त्यामुळे मी बॅकच्या बाजूनं. बेंचवर बसून कुजलेल्या पोरांवर कुणी धागा काढत नाही कारण ती दिसतच नाहीत. मांडी फाटली की स्कॅन निघतं, बातमी येते. संधी न मिळून जे जातं त्याचं स्कॅन नसतं.

मडगावकर

हे वाक्य आवडलं, नेरूळकर, पण यातून ऑलिंपिक कसं बरोबर ठरतं? लास पाल्मासला खेळवलं, बार्साला खेळवलं, युरोला खेळवलं, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. संधी मिळून झाली होती. त्याच्यापुढचं जे होतं ती संधी नव्हती, ओढाताण होती. आणि तीच गोष्ट परत गावी या बार्साच्याच मिडफिल्डरबरोबर झाली. १९ नोव्हेंबर २०२३, वायादोलिदला जॉर्जियाविरुद्ध. स्पेन युरोला आधीच क्वालिफाय झालेलं! तरीपण गावी सुरुवातीपासून मैदानात आणि त्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, गेलं, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) पण. १९ वर्षांचा. परत यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला, म्हणजे त्याच्या वयाच्या मुलांनी युरो जिंकला तेव्हा तो कुबड्या सोडून नुकता पळायला लागलेला. आणि कोच कोण? दे ला फुएन्ते, जो २०२१ ला ऑलिंपिकला पेद्रीला घेऊन गेलेला तोच.

माद्रिदिस्ता_सोलापूर

एसीएल कुणाचंही कधीही जातं रे, पहिल्या मिनिटालाही. ते दे ला फुएन्तेच्या माथी मारणं अन्याय आहे. त्याच माणसानं २०२४ चा युरो जिंकून दिला. आणि गावीला बेंचवर बसवायला जा, तो ऐकेल?

फिजिओताई

एसीएल थकव्याशी अजिबात संबंधित नसतं असं नाही, पण एका मॅचवरून बोलता येत नाही हे खरं. गावीचं आणि पेद्रीचं एकत्र करू नका, दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत. बार्साच्याच आन्सू फातीला बघा, नोव्हेंबर २०२० ला गुडघा गेला तेव्हा तो काही ७३ मॅच खेळून आलेला नव्हता, तरी एकामागून एक ऑपरेशनं झाली आणि तो आन्सू परत आलाच नाही. प्रत्येक मुलाचं शरीर वेगळं, म्हणून नियम एकच ठेवून चालत नाही, रोज बघणारा माणूस लागतो.

फ्लिकच्या वेळी नेमकं तेच बदललं. फिटनेस कोच हुलिओ तोउस आला, जो आधी कोच काँतेबरोबर युव्हेंटस, चेल्सी, इंटरला काम करून आलेला. त्यानं या मुलांना जिममध्ये ताकदीवर घातलं. पेद्री पण स्वतः बदलला, झोप, खाणं, सगळं. २०२४-२५ चा पेद्री आधीच्या पेद्रीपेक्षा अंगानं वेगळा दिसतो, धक्का लागल्यावर पडत नाही, ९० व्या मिनिटाला परत मागे पळतो. ते ५९ मॅच आपोआप नाही झालेले.

आठ_नंबर

म्हणजे ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे २०२१ ला पण करता आलं असतं. तेच तर माझं दुखणं आहे. शावी कोच होता तेव्हाचा २०२३ चा जानेवारी-फेब्रुवारी आठवा. गेताफे १-०, गोल पेद्री. जिरोना १-०, गोल पेद्री. १२ फेब्रुवारीला व्हियारेआल १-०, गोल पेद्री. तीन आठवड्यांत तीन वेळा १-० आणि तिन्ही वेळा हाच. आणि व्हियारेआलनंतर चौथ्या दिवशी युनायटेडविरुद्ध मांडी धरून बसला. लीग जिंकलो त्या वर्षी, पण ती लीग ज्याच्या जीवावर जिंकली तो पुढचे दोन महिने बाहेर. कोचला दोष देता येत नाही, १-० ने चाललेली टीम ज्याच्यामुळे चालली त्याला काढायचा कसा. पण मग त्याच्यामागे दुसरा कोणी तयार ठेवायला नको का.

आणि आत्ताचं बघा ना. ११ ऑक्टोबर जॉर्जिया, १४ ला बल्गेरिया, १८ ला जिरोना, २१ ला ऑलिंपियाकोस, २६ ला माद्रिद. स्पेन आणि बार्साचं मिळून १६ दिवसांत ५ मॅचचं वेळापत्रक. गावीच्या गुडघ्याचं सप्टेंबरला परत ऑपरेशन, ओल्मो दुखापतीत, म्हणून सगळा भार पुन्हा याच्यावर. गेल्या महिन्यात आपल्या यामालवरून फ्लिक आणि दे ला फुएन्ते यांच्यात उघड वाद झालाच की, पेनकिलर देऊन खेळवला म्हणून फ्लिक चिडलेला. यामाल १८ चा. म्हणजे २०२१ नंतर कुणी काही शिकलं नाही असंच मला दिसतं.

रात्रपाळी

मी कॉल सेंटरला आहे, ब्रेकमध्ये मॅच बघतो, म्हणजे अर्धीच. पण २०२२ च्या एप्रिलची सेव्हियाविरुद्धची मॅच पूर्ण बघितली होती. ७२ व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेर याला बॉल मिळाला, एकदा मारायचं नाटक केलं, एक डिफेंडर घसरत गेला, परत नाटक केलं, दुसरा गेला, आणि मग कोपऱ्यात अलगद मारला. १-०. मी कँटीनमध्ये उभा राहून ओरडलो, सुपरवायझर आला, त्यालापण रिप्ले दाखवला. ११ दिवसांनी फ्रँकफर्टविरुद्ध याचं हॅमस्ट्रिंग गेलं.

तुमचं वरचं सगळं वाचलं. मला कोण बरोबर ते ठरवता येत नाही. पण एक विचारतो, त्या सेव्हियाच्या मॅचला त्याला विश्रांती दिली असती तर आठ_नंबर, तू खूश झाला असतास का?

आठ_नंबर

प्रामाणिक उत्तर देतो. त्या रात्री नसतो झालो. चिडलो असतो, कूमान असो शावी असो, लाईनअप बघून पहिली शिवी मीच घातली असती. आज होतो. आणि हेच मला जास्त लागतंय, की स्टेडियममध्ये बसलेले आणि इथून स्क्रीनवर बघणारे आपण सगळेच त्याला दर तिसऱ्या दिवशी मागतो.

पेठेतला_बॅक

हे मात्र पटलं. लाईनअपमध्ये पेद्री नसला की मी मॅच अर्ध्या मनानं बघतो. तरी मी माझं सोडत नाही, २०२१ ची युरो त्याला खेळवायलाच हवी होती. ऑलिंपिकचं… तुमचं धरून चालतो. दादांचं वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

नेरूळकर

आता पुढचं बोला. कुणी ४ आठवडे म्हणतंय, कुणी ६. क्लबनं तारीख दिलेली नाही. २५ नोव्हेंबरला लंडनला चेल्सी आहे, चॅम्पियन्स लीग. ४ आठवडे धरले तर बरोबर बसतं. त्याच्याशिवाय स्टॅमफोर्ड ब्रिजला मिडफिल्डमध्ये आपलं काही खरं नाही, फ्रेंकी एकटा किती करणार.

फिजिओताई

हॅमस्ट्रिंगला ‘बरोबर बसतं’ असं काही नसतं हो. आधी चालताना दुखायला नको, मग पळताना, मग पूर्ण वेगात पळताना, मग पूर्ण वेगातून अचानक थांबताना. त्याचा सगळा खेळ त्या शेवटच्या गोष्टीवर आहे. तिथे पोचला की खेळवा, मग ती कुठलीही तारीख असो.

आठ_नंबर

२५ नोव्हेंबरला त्याचा वाढदिवस आहे. २३ चा होईल. मला त्या दिवशी तो बेंचवरसुद्धा नकोय. चेल्सीला हरलो तरी चालेल, त्यानं घरी बसून तेगेस्तेच्या लोकांबरोबर केक कापावा आणि सोफ्यावर पाय वर करून मॅच बघावी.

नेरूळकर

हरलो तर पहिला फोन तुलाच करतो.

आठ_नंबर

कर. उचलतो.